लेहमध्ये शहाऐंशी म्हणजे ठीक

आमच्या औषधांच्या डब्यात एक ऑक्सिमीटर आहे. एप्रिल २०२१मध्ये घेतलेला. तेव्हा साताऱ्यात तो मिळेनासा झाला होता. भाच्याने पुण्यात शोधून एका भाजीच्या टेम्पोतून पाठवला. ह्यांना कोविड झाला होता. दर दोन तासांनी मी ह्यांच्या बोटाला तो चिमटा लावायचे आणि आकडा वहीत लिहायचे. पंच्याण्णव, चौऱ्याण्णव, त्र्याण्णव. ब्याण्णव दिसला त्या रात्री ह्यांना दवाखान्यात हलवलं. नऊ दिवसांनी हे घरी आले. ती वही मी टाकली नाही, पण उघडतही नाही.

हे आधी सांगते, कारण लेहला गेल्यावर मला जो त्रास झाला त्यातला निम्मा त्या वहीतून आलेला होता.

हे निवृत्त झाले तेव्हा लेकीने आम्हा दोघांची लेहची तिकिटं काढून हातात ठेवली. सप्टेंबरचा पहिला आठवडा, एकूण दहा दिवस. मी सत्तावन्न वर्षांची, हे साठीचे, ह्यांना रक्तदाबाची एक गोळी चालू. आम्ही जूनपासूनच तयारीला लागलो. रोज पहाटे अजिंक्यतारा. पाऊस असला तरी रेनकोट चढवून जायचो. ऑगस्ट संपता संपता हे कुठेही न थांबता वर पोचायला लागले आणि आमची दोघांची खात्री पटली की आता लेहचं काही भय नाही.

माझा एक जुना विद्यार्थी सैन्यात आहे, सियाचीनला राहून आलेला. सुट्टीवर आला की भेटायला येतो. त्याला मी कौतुकाने अजिंक्यताऱ्याचं सांगितलं. तो जरा वेळ गप्पच बसला.

"बाई, राग मानू नका, पण त्याचा तिथं उपयोग नाही. दम वाढतो, ते चांगलंच. पण विरळ हवा बाधायची ती बाधतेच. आमच्यातली तगडी पोरंच आधी आडवी होतात. तब्येतीच्या भरवशावर पहिल्या दिवशी पळापळ करतात ना."

मग त्याने सैन्याचा हिशोब सांगितला. पहिल्या टप्प्याला सहा दिवस. त्यातले पहिले दोन नुसते खाण्या-झोपण्याचे, पुढचे चार रोज थोडं थोडं वाढवत चालण्याचे. त्याहून वर जायचं तर आणखी चार दिवस, अगदी वरच्या चौक्यांवर जायचं तर त्यापुढे अजून चार. "चौदा दिवस मोजून, बाई. साहेब असो नाहीतर जवान, कुणाची सुटका नाही."

दोघांनीही माना डोलावल्या. लेकीने ज्यांच्याकडून सहल ठरवली होती त्यांच्या कागदावर मात्र तिसऱ्या दिवशी खारदुंगला खिंड ओलांडून नुब्राचं खोरं आणि पाचव्या दिवशी पँगाँगच्या काठी तंबूत मुक्काम लिहिलेला होता. कागद गुळगुळीत होता, त्यावर तलावाचा निळाशार फोटो होता. विद्यार्थ्याने सांगितलेले दिवस आणि त्या कागदावरचे दिवस शेजारी ठेवून बघायचं मला सुचायला हवं होतं. तीस वर्षं मुलांना दोन आकडे शेजारी मांडून तुलना करायला शिकवलं, पण ते तेव्हा केलं नाही.

आमच्या डॉक्टरांनी ह्यांचा इसीजी काढला, रक्तदाब तपासला, सल्फाच्या औषधांची ॲलर्जी आहे का ते विचारलं आणि दोघांना विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी, डायमॉक्स, लिहून दिली. १२५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, निघायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतील, लघवीला जास्त होईल, घाबरू नका, म्हणाले. पुण्याहून दिल्लीच्या विमानात ह्यांना तीन वेळा उठावं लागलं. दिल्लीच्या विमानतळावर रात्र काढायची होती. पहाटे मी माझी गोळी घेतली. ह्यांनी घेतली नाही. "लेहला पोचलो की घेतो," म्हणाले. मीही फार आग्रह केला नाही.

दिल्लीहून लेह सव्वा तासाचं. खिडकीतून खाली आधी हिरवं, मग पांढरं, मग एकदम तपकिरी दिसायला लागतं. हिमालय ओलांडल्यावर झाड म्हणून नाही. नुसते उघडे डोंगर, आणि एखाद्या खोऱ्याच्या तळाशी हिरवी चिंधी. विमानं इथे बहुतेक सकाळीच उतरतात, दुपारी खोऱ्यात वारा सुटतो. विमानतळ ३,२५६ मीटरवर. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली तर तिचा माथा जेमतेम ह्या धावपट्टीच्या वर निघेल. आणि आम्ही दिल्लीच्या सपाटीवरून सव्वा तासात इथे आलेलो.

विमानाच्या दारातून बाहेर पडल्यावर थंड, कोरडी, स्वच्छ हवा लागली. ऊन इतकं धारदार की डोळे उघडवेनात. बाकी काहीही वेगळं वाटलं नाही, आणि हीच खरी फसगत. सामानाच्या पट्ट्याजवळ ध्वनिक्षेपकावर सांगत होते, पहिले ४८ तास विश्रांती घ्या, धावपळ करू नका. समोर तीच सूचना फलकावर लिहिलेली. लोक बॅगा ओढत त्या फलकासमोर उभे राहून फोटो काढत होते. आमचाही एक आहे.

चांगस्पा भागात एका लडाखी कुटुंबाच्या घरात आमची खोली होती. घरमालकीण साधारण माझ्याच वयाची. तिची सून तिला 'आमा-ले' म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. तिने "जुले" म्हणून आमच्या हातातल्या बॅगा काढून घेतल्या आणि दोन्ही हातांत एकेक धरून जिना चढून गेली. आम्ही रिकाम्या हाताने मागोमाग निघालो. चौदा पायऱ्या होत्या. दहाव्या पायरीला मी कठडा धरला. छाती धडधडत होती, जणू कुणीतरी पळवत आणलं होतं. वर पोचल्यावर दोघंही पलंगावर बसलो आणि दोन मिनिटं बोलता येईना.

"आज कहीं नहीं जाना," आमा-ले म्हणाली. "कल भी नहीं. खाओ, सो जाओ."

तिने चहा आणला, मी पर्समधून ऑक्सिमीटर काढला. माझा एकोणनव्वद. ह्यांचा शहाऐंशी.

मी विज्ञान शिकवलेलं आहे. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. लेहच्या हवेतही तो २१ टक्केच असतो. कमी झालेला असतो तो हवेचा दाब, समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के. म्हणजे तेवढाच श्वास घेतला तरी आत येणाऱ्या हवेत ऑक्सिजनचे कण जवळपास दोन तृतीयांशच. मग रक्तातला आकडा खाली येणारच. हे सगळं मला पाठ होतं. तरीही ह्यांच्या बोटावर शहाऐंशी दिसल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला. ब्याण्णवला आम्ही दवाखाना गाठला होता. हे तर समोर बसून बिस्कीट खात होते. बिस्किटाचा पुडा फुग्यासारखा टम्म फुगला होता, तो फोडताना फट्ट आवाज झाला.

दुपारभर झोपलो. चारला उठलो तेव्हा डोकं हलकं, भूक लागलेली, एकदम छान वाटत होतं. खिडकीतून समोरच्या टेकडीवर शांती स्तूप दिसत होता, पांढराशुभ्र, उतरत्या उन्हात. पायऱ्या दिसत होत्या. हे म्हणाले, "अजिंक्यताऱ्याच्या निम्म्यानेही नाही." मला विद्यार्थी आठवला, फलक आठवला, आमा-लेही आठवली. पण शहाऐंशीची भीती घालवायला हे ठणठणीत आहेत असं मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून मीही चप्पल बदलून बूट घातले.

पाचशेच्या वर पायऱ्या आहेत त्या. खालून वरपर्यंत गाडीरस्ताही आहे. आम्ही पायऱ्यांनी गेलो. दर वीस पायऱ्यांना थांबत, पाऊण तासात. वरून सिंधूचं खोरं, पलीकडे स्तोकची बर्फाची शिखरं, खाली पॉपलरच्या रांगांमध्ये पिवळी पडलेली सातूची शेतं. मी आजवर पाहिलेल्या जागांत तिच्याइतकी देखणी दुसरी नाही. हे कठड्याला टेकून म्हणाले, "बघ, काही होत नाही." ह्यांचे ओठ थोडे काळपट दिसत होते. थंडी आहे, असं मी मनाशी म्हटलं.

त्या पायऱ्यांचं फळ लगेच मिळत नाही. विरळ हवेचा त्रास साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतो, त्यामुळे माणसाला आपण नेमकं कशामुळे आजारी पडलो हे कळतच नाही. रात्री जेवायला बसलो तर ह्यांना ताट नको झालं. मी साताऱ्याहून मेतकूट नेलं होतं. आमा-लेच्या सुनेकडून मऊ भात करून घेतला. इथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय भात-डाळ शिजत नाही, हे ती सांगत होती आणि मी एका कानाने ऐकत होते. ह्यांनी दोन घास घेतले. डोकं दुखतंय म्हणाले, दोन्ही कानशिलं ठणकतात. गोळी? अजून घेतलेलीच नव्हती.

साडेनऊला दिवा मालवला. अकराच्या सुमाराला मला जाग आली ती शांततेने. ह्यांचा श्वास ऐकू येत नव्हता.

मी उठून बसले. एक, दोन, तीन, चार... मी मोजत होते. बारापर्यंत आले आणि ह्यांनी पाण्यातून वर आल्यासारखा मोठ्याने श्वास ओढला. मग आणखी एक, आणखी एक, खोल खोल, भराभर. मग हळूहळू उथळ. मग पुन्हा काहीच नाही. पुन्हा मी मोजलं. चौदा.

ज्यांनी कोविडमध्ये घरच्या माणसाच्या उशाशी रात्री काढल्या आहेत त्यांना मी काय सांगते ते कळेल. खोली लेहची होती, अंगावर जाडजूड रजई होती, पण मी साताऱ्याच्या त्याच खोलीत होते. ऑक्सिमीटर लावला. अठ्ठ्याहत्तर. हलवून उठवलं, पुन्हा लावला. ब्याऐंशी. हे उठले ते सरळ मोरीकडे गेले आणि उलटी झाली. पहाटेपर्यंत अजून दोनदा.

साडेचारला मी आमा-लेचं दार वाजवलं. तिने ह्यांच्याकडे एकदा बघितलं, मुलाला उठवलं आणि गाडी काढायला लावली. "डरना नहीं," एवढंच म्हणाली. स्वतःच्या अंगावरची शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली.

इस्पितळात त्या वेळीही आमच्याआधी तिघंजण ऑक्सिजनवर होते, तिघेही पर्यटक. डॉक्टर तरुण होता, तिथलाच. त्याने आकडा बघितला, पण त्यावर थांबला नाही. ह्यांना प्रश्न विचारायला लागला. आडवं झाल्यावर दम लागतो? नाही. खोकला? नाही. बसल्या जागी धाप? नाही. छातीला, पाठीला बराच वेळ स्टेथोस्कोप लावून ऐकलं. मग ह्यांना उभं केलं आणि जमिनीवरच्या फरशीच्या रेघेवरून पावलापुढे पाऊल जोडून चालायला सांगितलं. एकाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लागली पाहिजे. हे चालले, तोल गेला नाही. नाव, वार, कुठून आलात, सगळं विचारलं.

मग तो माझ्याकडे वळला. फुप्फुसांत पाणी नाही आणि मेंदूला सूज नाही, म्हणाला. जिवाला धोका असतो तो ह्या दोन गोष्टींचा, आणि मी आधी तेच बघतो. ह्यांना झालेला त्रास सौम्य प्रकारातला आहे, मात्र दुर्लक्ष केलं असतं तर वाढला असता. श्वास थांबण्याचं मी सांगितलं तेव्हा तो हसला नाही, ह्याबद्दल मी त्याची कायम ऋणी राहीन. टेबलावरच्या कागदाच्या मागच्या बाजूला त्याने एक नागमोडी रेघ काढली. विरळ हवेत माणूस नकळत जास्त श्वास घेतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो. पण श्वास घे, असा मेंदूला इशारा मिळतो तो मुख्यतः त्याच वायूमुळे. तो कमी झाला की झोपेत इशाराच मिळत नाही, श्वास थबकतो. तेवढ्यात वायू पुन्हा साठतो, ऑक्सिजन घटतो, आणि मोठा श्वास येतो. "इथे पहिल्या काही रात्री पुष्कळ लोकांना असं होतं. तुम्हालाही झालं असेल, तुमचं ऐकायला कुणी जागं नव्हतं."

आणि शहाऐंशी? मी विचारलंच. पहिल्या दिवशी इथे शहाऐंशी म्हणजे ठीक, तो म्हणाला. कोविडमध्ये हवा पुरेशी होती, फुप्फुसं ती घेऊ शकत नव्हती. इथे फुप्फुसं चांगली आहेत, हवेतच कमी आहे. आकडा सारखा दिसला तरी दोन्ही गोष्टी निराळ्या. आकडा बघा, पण त्याआधी माणसाकडे बघा.

दोन तास ह्यांना ऑक्सिजन लावला. आकडा पंच्याण्णववर गेला, डोकेदुखी उतरली. डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल, डायमॉक्स पुन्हा सुरू, तीन दिवस पूर्ण विश्रांती, आणि ह्यांपैकी काही झालं तर लगेच या म्हणून त्याने मला बजावून सांगितलं: बसल्या जागी दम, खोकला, चालताना झोक, बोलण्यात गोंधळ. झोपेची गोळी आणि दारू अजिबात नको. बरं वाटलं नाही तर खाली पाठवावं लागेल. खाली म्हणजे कुठे, हा प्रश्न लेहमध्ये मोठाच आहे. मनालीकडे निघा नाहीतर कारगिलकडे, आधी लेहहून उंच खिंड चढावी लागते. झटकन खाली न्यायचा मार्ग एकच, सकाळचं विमान.

पुढचे तीन दिवस आम्ही त्या घराच्या गच्चीवर आणि स्वयंपाकघरात काढले. माझ्या आयुष्यातल्या प्रवासाचे इतके चांगले तीन दिवस मला आठवत नाहीत.

लडाखी घरात स्वयंपाकघर हीच बैठक. मध्ये चूल, भिंतीभर फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी चकाकत असतात, खिडकीशी ठेंगणी मेजं आणि त्यामागे गालिचे. आम्ही खिडकीशी बसायचो. आमा-ले गुरगुर चहा करायची, लोणी आणि मीठ घातलेला. पहिला घोट मला अवघड गेला. सूप समजून प्यायले आणि मग आवडला. ह्यांना 'खंबीर' नावाची तिथली भाकरी आवडली, जाड, खरपूस, जर्दाळूच्या जॅमबरोबर. गच्चीवर जर्दाळू वाळत घातलेले असायचे. सकाळी नऊला त्यांच्यावर ऊन यायचं, मग आम्हीही तिथे जाऊन बसायचो. बोलणं थोडं, तेही हळू. पाणी थोडं थोडं पीत राहायचं. तहान लागत नाही पण हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात आणि सकाळी नाकातून रक्ताची रेघ येते.

शरीरात ह्या दिवसांत काय चाललं होतं ते मी घरी आल्यावर वाचून नीट समजून घेतलं. जास्त श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड गेला की रक्त अल्कधर्मी होतं, आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. तो लगाम सैल करायचं काम मूत्रपिंडांचं. ती बायकार्बोनेट हा अल्कधर्मी घटक लघवीवाटे बाहेर टाकतात, रक्त ताळ्यावर आणतात. पण त्यांना काही दिवस लागतात. डायमॉक्स हेच काम लवकर करून देते. म्हणजे ज्या लघवीला कंटाळून ह्यांनी गोळी सोडली, तोच तर गोळीचा उपयोग होता. नव्या लाल पेशी वाढायला त्याहून वेळ लागतो, आठवडे. तोवर आमच्यासारखे पाहुणे घरी परतलेले असतात.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट कळली. ह्या आजाराबद्दल जगाला जे माहीत आहे त्यातला मोठा वाटा लेह-लडाखमध्ये तपासलेल्या भारतीय सैनिकांमुळे आहे. १९६२च्या युद्धात सपाटीवरची पोरं थेट ह्या उंचीवर आणली गेली. १९६५मध्ये मेनन ह्या डॉक्टरांनी फुप्फुसांत पाणी भरलेल्या १०१ जणांची टिपणं प्रसिद्ध केली. १९६९मध्ये इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ सैनिकांचा अभ्यास मांडला. १९६०च्या आसपासपर्यंत अशा फुप्फुसांना बहुतेक वेळा न्यूमोनिया समजलं जायचं. माझ्या विद्यार्थ्याने सांगितलेले ते सहा आणि चार आणि चार दिवस असल्या अनुभवातून आलेले आहेत. त्यात आमच्या सातारा जिल्ह्यातली पोरंही असतील, हे मनात आलं तेव्हा ते पुस्तक मी थोडा वेळ मिटून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी आमा-लेला गवताचा भारा पाठीवर घेऊन गच्चीची शिडी चढताना पाहिलं. ह्यांनी विचारलं, तुम्हाला कधीच त्रास होत नाही? ती म्हणाली, हिवाळ्यात दोन महिने दिल्लीला मुलीकडे जाते, परत आले की मीही दोन दिवस चुलीपाशीच बसते. जिचे पूर्वज शेकडो वर्षं ह्याच खोऱ्यात राहिले ती परतल्यावर दोन दिवस बसते, आणि आम्ही आल्या संध्याकाळी पाचशे पायऱ्या चढलो होतो.

बाजारात ऑक्सिजनचे छोटे डबे मिळतात. पाचव्या दिवशी पहिल्यांदा बाजारात हळूहळू फिरलो तेव्हा जवळजवळ प्रत्येक दुकानात दिसले. लोक चार-चार घेत होते. माझं ठाम मत आहे की त्यांच्या भरवशावर कुणी वर जाऊ नये. एका डब्यात काही मिनिटांपुरती हवा. डोकेदुखी तेवढ्यापुरती कमी होते, आणि खाली उतरायचा निर्णय मात्र लांबतो.

आता पुढचं काय, हा प्रश्न होता. सहलवाल्यांचा फोन येऊन गेला होता. पँगाँगच्या तंबूचे पैसे परत मिळणार नाहीत, म्हणाले. मी वही काढली. नवी वही. एका बाजूला गावं, दुसऱ्या बाजूला उंची, मीटरमध्ये. लेह ३,५००. खारदुंगला ५,३५९, तिथल्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, खरी उंची त्याहून आठशे फुटांनी कमी. नुब्रातलं हुंदर मात्र ३,१५०च्या आसपास, लेहपेक्षा खाली. पँगाँग ४,२५०. डॉक्टरने सांगितलं होतं की दिवसा किती वर गेलात त्यापेक्षा रात्री कुठे झोपलात ते महत्त्वाचं, आणि तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये. आकडे शेजारी मांडल्यावर भांडणच उरलं नाही. नुब्राला जायचं, कारण खिंड उंच असली तरी झोपायचं खाली. पँगाँगचा मुक्काम रद्द. पैसे गेले ते गेले. ह्यांना वाईट वाटलं, त्या तलावाचा फोटो ह्यांनी कपाटाच्या दाराला लावून ठेवला होता. पण मला म्हणाले, "तू लिहिलंयस ना, मग झालं."

आम्ही सातव्या दिवशी निघालो. खारदुंगलावर चालकाने पंधरा मिनिटांच्या वर थांबू दिलं नाही, आणि मीही मागितलं नाही. वारा, पताकांची फडफड, डिझेलचा वास, पाटीपाशी रांग. एक तरुण पाटीपुढे उड्या मारत होता, मित्र व्हिडिओ काढत होता. मी त्याला हाताने थांबवलं. अनोळखी माणसाला असं हटकणं माझ्या स्वभावात नाही. तो "सॉरी काकू" म्हणाला, मराठीच होता. गाडीत बसल्यावर मी ह्यांचं बोट मागितलं. ऐंशी. मी ह्यांच्याकडे बघितलं. गालांवर रंग होता, ओठ नीट होते, हे मला खालच्या वळणावरचे याक दाखवत होते. मी चिमटा काढून पर्समध्ये ठेवला. हात थोडे थरथरत होते, पण ठेवला.

हुंदरला वाळूच्या टेकड्या, दोन वशिंडांचे उंट, ओढ्याकाठी झुडपांवर नारिंगी बोरांसारखी फळं. तिथे दोघंही गाढ झोपलो. लेहपेक्षा साडेतीनशे मीटर खाली आलं की काय फरक पडतो ते रात्रीच्या झोपेत कळतं.

लेहला परत आलो ती शेवटून दुसरी संध्याकाळ. हे खिडकीत उभे राहून समोरच्या टेकडीकडे बघत होते. "जायचं?" म्हणाले. ह्या वेळी आम्ही दुपारी पोटभर जेवून, पाणी घेऊन, दर दहा पायऱ्यांना थांबत गेलो. दहा पायऱ्या, मग पाच श्वास. दीड तास लागला. आमच्यापुढून मुलं धापा टाकत गेली, आम्ही त्यांना जाऊ दिलं. वर पोचलो तेव्हा सूर्य मावळून गेला होता आणि स्तोकच्या शिखरांवरचा शेवटचा गुलाबी रंग विझत होता. आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो आणि उतरताना गाडीरस्त्याने आलो.

त्या रात्री ऑक्सिमीटर पर्समध्येच होता. दोनच्या सुमाराला मला जाग आली. घरामागच्या पाटाचं पाणी वाहत होतं. ह्यांचा श्वास ऐकू येत होता, एकसारखा. सवयीने मी मोजायला लागले. बावीसपर्यंत आलेलं आठवतं.